नगरच्या आडते बाजारांतून शेवगांवापर्यंत

पुण्याहून नगरास जाणाऱ्या सडकेचें वर्णन करावें असें तीवर आतां फारसें उरलेलें नाहीं. वाघोली ओलांडली तरी पुणें संपत नाहीं. पुढें रांजणगांवच्या गणपतीस एस. टी. च्या खिडकींतूनच हात जोडावे, शिरूरच्या पुढें घोड नदीचा पूल लागावा, आणि पुलापलीकडे नगर जिल्हा सुरू व्हावा, असा हा सुमारें १२० किलोमीटरांचा प्रवास. आजवर आम्हीं तो पन्नास वेळां तरी केला असेल. परंतु शके १९४६ च्या फाल्गुनांत, म्हणजे २०२५ च्या मार्च महिन्यांत, केला तो निराळ्या कारणानें. आमच्या भावजयीचें माहेर शेवगांवचें. तिच्या वडील बंधूंची सहस्रचंद्रदर्शनशांत तेथें व्हावयाची होती, हें एक निमित्त. दुसरें निमित्त असें कीं, नगरास राहणारे आमचे धाकटे बंधु बापू यांचा एका शेअर-दलालाच्या पेढीशीं तंटा जुंपला होता, आणि त्याच्या समेटाची बैठक नेमकी त्याच आठवड्यांत ठरली होती. बापूंनीं फोनवर एवढेंच सांगितलें, "दादा, तुम्ही दोन दिवस आधीं या. मला राग येईल, आणि रागांत मला नीट बोलतां येत नाहीं."

वाटेंत सुपें लागतें. येथें शाळेंतल्या मुलांची एक ठरीव चूक आम्हांस हटकून आठवते. १८७५ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध जो दंगा केला, तो १२ मे रोजीं सुपें येथें सुरू झाला असें पुस्तकांत असे. आणि मुलें समजत कीं तें हेंच, पारनेर तालुक्यांतलें, सडकेवरचें सुपें. हें सुपें तें नव्हे. तें पुणें जिल्ह्यांतलें, भीमथडींतलें. मात्र दंग्याची लाट लौकरच नगर जिल्ह्यांत आली आणि पारनेर, श्रीगोंदें, कर्जत व खुद्द नगर तालुका या भागांत पसरली, हें खरें. त्या दंग्यांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी होती. जमावाचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या दप्तरावर होता. खतें आणि रोखे मागून घ्यावे व गांवच्या चव्हाट्यावर जाळून टाकावे, मग पुढच्या घरीं जावें. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यांत लिहिलें काय आहे, हें बिचाऱ्या कुणब्यास ठाऊक नसे. कागद आहे आणि तो आपल्या गळ्याशीं आहे एवढेंच त्यास ठाऊक असे. पुढें १८७९ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, शेतकऱ्याचें खत गांवच्या निबंधकासमोर लिहिलें जावें, आणि न्यायाधीशानें नुसत्या खतावर न थांबतां मूळ देवघेव कशी झाली याची चौकशी करावी.

त्याच १८७५ सालच्या ९ जुलैस, म्हणजे सुप्याच्या दंग्यास दोन महिनेही झाले नव्हते तेव्हां, मुंबईच्या शेअर-दलालांनीं एकत्र येऊन आपली मंडळी स्थापिली. प्रवेशाची फी एक रुपया. टाउन हॉलजवळच्या वडाच्या झाडाखालीं उभें राहून सौदे करणारी ही मंडळी पुढें मुंबईचा शेअर बाजार म्हणून प्रसिद्धीस आली. एका बाजूस खतें जळत आहेत आणि दुसऱ्या बाजूस सौदे करणारे आपणांस नियमांनीं बांधून घेत आहेत, असा तो उन्हाळा-पावसाळा होता. हा योगायोग आम्हीं वर्गांत कित्येक वेळां सांगितला. पण त्याचा कांहीं उपयोग आपल्याच घरीं होईल असें तेव्हां वाटलें नव्हतें.

माळीवाड्यास उतरून विशाल गणपतीचें दर्शन घेतलें आणि पायींच निघालों. सरकारदरबारीं शहराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, रिक्षावाला मात्र अजून "नगरांत कुठें?" असेंच विचारतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहानें वसविलेलें हें शहर. याचा भुईकोट किल्ला, चांदबिबीच्या कथा, १९४२ नंतर तेथें बंदिवासांत असतां पंडित नेहरूंनीं लिहिलेला ग्रंथ, हें सर्व वाचकांस परिचयाचें आहे. त्याची पुनरुक्ति करीत नाहीं. आमची आवडती वाट निराळी. दाळमंडई आणि आडते बाजार. धान्याचा मोठा व्यापार बराचसा मार्केट यार्डांत गेला असला तरी या गल्ल्यांत अजून हमालाच्या पाठीवरचें पोतें पाहून बाजूस व्हावें लागतें, आणि गूळ, मिरची, हळद यांचा एकत्र वास नाकांत भरतो.

आडत म्हणजे दुसऱ्याचा माल त्याच्या वतीनें विकणें आणि त्याबद्दल शेंकडा कांहीं घेणें. आडत्या मालाचा धनी नव्हे. तो धन्याचा हात आणि धन्याची जीभ. म्हणूनच त्याच्याशीं होणारा तंटा हा वाण्याशीं होणाऱ्या तंट्याहून निराळ्या जातीचा असतो. वाण्यानें वाईट माल दिला तर आपण माल दाखवूं शकतों. आडत्यानें आपला माल कोणत्या भावानें विकला, तो भाव खरोखर तोच होता कीं काय, अधिक भाव देणारा कोणी समोर उभा होता कीं नव्हता, हें दाखवावयास आपण तेथें नसतोंच.

आमच्या लहानपणीं वडिलांबरोबर घोडेगांवच्या गुरांच्या बाजारास एकदां गेलों होतों. तेथें दोन इसम उपरण्याखालीं हातांत हात घालून उभे असलेले पाहिले. तोंडानें एक अक्षर नाहीं. बोटें धरून भाव ठरत होता. आम्हीं विचारलें, "हे काय करताहेत?" वडील म्हणाले, "भांडणाची तयारी." तेव्हां त्याचा अर्थ कळला नाहीं. कापडाखालचा भाव दोघांसच ठाऊक, तिसरा साक्षी नाहीं. उद्यां एकानें नाकारला तर कोणी सांगावें? याच कारणास्तव शेतमालाच्या बाजारांचे कायदे झाले, १९३९ चा मुंबई इलाख्याचा आणि १९६३ चा महाराष्ट्राचा, आणि बाजार समितींत उघड लिलाव हा नियम झाला. याच्या उलट धान्याचा मापाडी पाहावा. तो पहिल्या मापास 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणतो, आणि पुढचें प्रत्येक माप मोठ्यानें मोजतो. त्याचा आवाज गल्लीच्या टोकास ऐकूं जावा. गिऱ्हाईक, धनी, हमाल, रस्त्यानें जाणारा, सर्वच साक्षी.

आतां बापूंची हकीकत.

बापूंनीं नोकरी संपल्यावर मिळालेल्या पैशांपैकीं कांहीं भाग चार वर्षांपूर्वीं शेअरांत घातला. खातें उघडून दिलें त्यांच्या मुलानें, जो बंगळुरास असतो. कागदपत्र, परवलीचे शब्द, मोबाइलचा क्रमांक, ई-मेल, सर्व त्याच्या सोईनें, त्याच्याच नांवचें. बापू मात्र जुन्या वळणाचे. त्यांना पडद्यावर बोट ठेवून विकणें पटत नाहीं. ते पेढीच्या नगरच्या कचेरींत फोन करून सांगत. २०२४ च्या सप्टेंबरअखेर मुंबईचा निर्देशांक ८५ हजारांच्या वर गेला होता; नंतर उतार लागला, आणि फेब्रुवारी संपतां संपतां तो ७३ हजारांच्या आसपास आला. या उताराच्या मध्यावर भोगीचा दिवस आला. सोमवार, १३ जानेवारी २०२५. त्या एका दिवसांत निर्देशांक हजाराहून अधिक अंशांनीं घसरला.

त्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां बापूंनीं आपल्याजवळच्या एका कंपनीच्या ४०० शेअरांविषयीं फोन केला. भाव तेव्हां ६१२ रुपयांच्या घरांत होता. संध्याकाळीं त्यांना कळलें कीं शेअर दुपारीं ५७१ नें विकले गेले. शेअरामागें ४१ रुपये. एकूण १६,४०० रुपयांचा फरक. बापूंनीं फोनवरच भांडण केलें. हा पहिला तंटा. दुसरा त्यांस कळला महिनाअखेर, मुलानें हिशोबाचा कागद धाडला तेव्हां. त्याच दुपारीं त्यांच्या खात्यांत दुसऱ्याच एका कंपनीचे १५० शेअर ८४० रुपयांनीं घेतले गेले होते, आणि भाव आतां ६९० वर आला होता. म्हणजे २२,५०० रुपये. हे शेअर घ्यावयास मीं सांगितलेंच नाहीं, असें बापूंचें म्हणणें; तुम्ही स्वतः कचेरींत येऊन सांगून गेलांत, असें पेढीचें म्हणणें. पेढीस तक्रार लिहिली. उत्तर आलें कीं सर्व व्यवहार आपल्या सूचनेनुसारच झाले आहेत. तेव्हां सेबीनें २०२३ सालीं सुरू केलेल्या ऑनलाइन समेट-लवादाच्या व्यवस्थेकडे बापूंनीं दाद मागितली. तींत आधीं २१ दिवसांच्या मुदतींत समेटाचा प्रयत्न होतो, न जमल्यास लवाद.

रकमा कांहीं घर बुडविणाऱ्या नव्हेत. परंतु घरांत शिरतांच आमच्या ध्यानांत आलें कीं, बुडालें आहे तें दुसरेंच. भावजय म्हणाली, "भाऊजी, सहा आठवडे झाले, बापलेकांचें बोलणें नाहीं. तो फोन करतो, हे उठून बाहेर जातात." त्या खरेदीची कॉन्ट्रॅक्ट नोट त्याच दिवशीं मुलाच्या ई-मेलवर आली होती, बाजाराचा संदेशही त्याच्याच मोबाइलवर आला होता. त्यानें तो पाहिला, वडिलांनींच घेतले असतील असें समजला, आणि पुढें कामास लागला.

रात्रीं जेवणें झाल्यावर माजघरांत बसून आम्हीं पेढीनें धाडलेलें ध्वनिमुद्रण लावलें. बापूंनीं तें तोपर्यंत ऐकलेंच नव्हतें. "माझे शब्द मला ठाऊक आहेत," असें ते म्हणत. यंत्रांतून त्यांचाच आवाज आला: "अहो, ते चारशें विकायचेत. आज जरा बघून विका." पलीकडचा मुलगा म्हणाला, "हो सर, बघतों." संपलें.

कोणी कांहीं बोलेना. मग भावजय म्हणाली, "तुम्ही दूधवाल्यालाही बघून दे म्हणतां." बापू म्हणाले, "बघून म्हणजे भाव बघून मला सांगा, मग विका. कोणालाही कळेल. दादा, तुम्हीच सांगा, कळेल कीं नाहीं?"

आमचें सारें आयुष्य व्याकरण शिकविण्यांत गेलें, आणि त्या वेळीं वाटलें कीं गेलें नसतें तर बरें झालें असतें. 'बघून' हें पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय. संस्कृतांतील क्त्वान्ताचा जो नियम तोच येथें: आधींच्या क्रियेचा आणि मुख्य क्रियेचा कर्ता एकच असावा लागतो. "जेवून झोप" म्हटलें तर जो झोपणार तोच जेवणार. तसेंच "बघून विका" म्हटलें तर जो विकणार तोच बघणार. बापूंच्या वाक्यांत बापू कोठेंच नव्हते. भाव नव्हता, वेळ नव्हती, विचारण्याची अट नव्हती. आम्हीं तें जसें होतें तसें सांगितलें. बापू कांहीं वेळ जमिनीकडे पाहत बसले, आणि मग पानाचा डबा उघडून तसाच मिटला.

तरीही गोष्ट व्याकरणानें संपत नाहीं, हेंही आम्हीं त्यांस सांगितलें. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें २११ वें कलम असें आहे कीं, मुखत्यारानें धन्याच्या सूचनेप्रमाणें वागावें. सूचना नसेल तेथें त्या धंद्याच्या वहिवाटीप्रमाणें. आणि याखेरीज वागून नुकसान झालें तर तें मुखत्यारानें भरून द्यावें. त्या कलमाखालीं दिलेल्या उदाहरणांतही एक दलालच आहे: उधारीवर विकण्याची वहिवाट नसतां ज्यानें माल उधार विकला आणि घेणाऱ्याचें दिवाळें निघाल्यावर ज्यास नुकसान भरावें लागलें असा. मग येथें वहिवाट काय? सकाळीं दहाला ज्यास "विका" असा हुकूम मिळाला, त्यानें बाजारभावानें तत्काळ विकावें, कीं आपल्या अकलेनें चढावाची वाट पाहत दुपारच्या दोनापर्यंत बसावें? नुसत्या हुकुमाच्या दलालास गिऱ्हाइकाच्या वतीनें वाट पाहण्याचा अधिकार आला कोठून? आमच्या मतें येथें बापूंची बाजू अगदींच लंगडी नव्हती.

दुसऱ्या तंट्यांत तर ती भक्कम होती. सेबीच्या २२ मार्च २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणें प्रत्येक हुकुमाचा कांहीं तरी पुरावा दलालानें ठेवलाच पाहिजे: सहीचा कागद, फोनचें ध्वनिमुद्रण, ई-मेल, संगणकावरील नोंद किंवा लघुसंदेश. तंटा झाल्यास हुकूम झाला होता हें सिद्ध करण्याचा भार दलालावर. गिऱ्हाइकानें 'मीं सांगितलें नाहीं' हें सिद्ध करावयाचें नसतें. नसलेली गोष्ट सिद्ध कशी करावी? याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति आणि साक्षी हीं तीन प्रमाणें सांगितलीं आहेत. सेबीनें फोनचें ध्वनिमुद्रण स्वीकारून लिखित आणि साक्षी यांचा संकर केला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. हा साक्षी विसरत नाहीं, फितत नाहीं, आणि कोणाची भीडही ठेवीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं बैठक झाली. बैठक म्हणजे माजघरांतल्या मेजावर ठेवलेला पुतण्याचा जुना संगणक, आणि पडद्यावर चार चौकटी. एकींत समेट करणारे गृहस्थ, दुसरींत पेढीचा माणूस (सावेडीच्या कचेरींतून, म्हणजे आमच्यापासून दोन कोसांच्या आंत), तिसरींत आपण, आणि चौथींत बंगळुराहून पुतण्या. त्यास कोणी बोलाविलें नव्हतें. खात्यावर त्याचा पत्ता म्हणून त्यास सूचना गेली होती.

समेटकांनीं आधीं खरेदीचा विषय घेतला. पेढीचा माणूस म्हणाला, "ते समक्ष येऊन सांगून गेले." समेटकांनीं विचारलें, "सहीचा कागद?" नव्हता. "मग येऊन गेल्याची दुसरी कांहीं नोंद?" नव्हती. तेव्हां त्या माणसानें आपली शेवटची सोंगटी पुढें केली. कॉन्ट्रॅक्ट नोट चोवीस तासांच्या आंत धाडली होती. सोळा दिवस कोणी हरकत घेतली नाहीं. खरेदी मान्य नव्हती तर गप्प कां बसलां? समेटक बापूंस म्हणाले, "ती नोट कोणाला मिळाली होती?"

चौथ्या चौकटींतला चेहरा उतरला. आम्ही बापूंकडे पाहिलें. सहा आठवडे ज्यासाठीं हे घर धुमसत होतें तो प्रश्न परक्यानें विचारला होता, आणि खरें उत्तर दिलें असतें तर कायद्यानें कांहीं बिघडत नव्हतें. बापू म्हणाले, "आमच्या घरीं आली होती. आम्हीं उघडून पाहिली नाहीं. पण न पाहणें म्हणजे सांगणें नव्हे." बस्स, एवढेंच. त्यांत राग नव्हता.

पेढीच्या माणसानें वरिष्ठांस विचारून येतों म्हटलें, दहा मिनिटांनीं परतला, आणि २२,५०० रुपये व दोन्ही बाजूंची दलाली पेढी सोशील असें सांगितलें. राहिला पहिला तंटा. ध्वनिमुद्रण सर्वांनीं पुन्हां ऐकलें. समेटक म्हणाले कीं, चार तासांच्या विलंबाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, इच्छा असल्यास लवादापुढें जातां येईल; निकालाची खात्री त्यांस देतां येत नाहीं. आम्हीं बापूंस खुणेनें सांगितलें, जावें. बापूंनीं मान हलविली. "शब्द माझा होता," ते म्हणाले. आम्हांस तें पटलें नाहीं; अजून पटत नाहीं. अर्धा शब्द त्यांचा होता आणि अर्धा विलंब त्यांचा. पण तंटा ज्याचा त्यानेंच सोडावयाचा असतो.

बैठक संपल्यावर पुतण्याचा फोन आला. भावजयीनें तो बापूंच्या हातीं दिला, आणि आम्ही दोघें उठून ओसरीवर आलों. आंत काय बोलणें झालें तें ठाऊक नाहीं. अर्धा तास चाललें. त्याच रात्रीं खात्यावरचा मोबाइल क्रमांक बदलून बापूंचा स्वतःचा घालण्याचा अर्ज भरला गेला.

एकत्र कुटुंबांतील वाचकांनीं येथें थोडें थांबावें. एकाच्या नांवचें खातें, दुसऱ्याचा फोन, तिसऱ्याची सही, ही पद्धति आपल्याकडे घरोघर आहे, आणि तिला आपण जिव्हाळा म्हणतों. २०२५ च्या फेब्रुवारींतच सर्वोच्च न्यायालयानें एका मुंबईच्या खटल्याचा निकाल दिला. पति-पत्नींनीं १९९९ सालीं एकाच दलालाकडे निरनिराळीं खातीं उघडलीं होतीं. २००१ च्या पडझडींत पत्नीच्या खात्यावर १ कोटि १८ लाखांहून अधिक रुपयांचें देणें झालें. दलाल म्हणाला, दोघांची जबाबदारी एकत्र आहे असें तोंडीं ठरलें होतें. शेअर बाजाराच्या लवादानें २००४ मध्यें तें मान्य करून पतीसही जबाबदार धरलें. मुंबई उच्च न्यायालयानें २०२१ मध्यें पतीस मोकळें केलें. आणि सर्वोच्च न्यायालयानें लवादाचा निवाडा पुन्हां कायम केला. तोंडी बोलणें, परस्परांच्या खात्यांवरची वागणूक, एवढ्यावर. चोवीस वर्षांपूर्वींच्या देण्याचा हा निकाल. आम्हीं ही हकीकत शेवगांवास जातांना मोटारींत सांगितली, तेव्हां भावजय म्हणाली, "म्हणजे यांच्या 'बघून'चे पैसे उद्यां माझ्याकडूनही मागतील कीं काय?" तसें नाहीं, पण प्रश्न चुकीचा नव्हता.

नगरहून शेवगांवास जावयाचें तर भिंगार सोडून करंजीचा घाट उतरावा लागतो. घाट फार मोठा नाहीं. फाल्गुनांत त्याच्या दोन्ही अंगांचे डोंगर उघडे, करड्या रंगाचे, कोठें कोठें पळस फुललेला. खालीं करंजी, मग तिसगांव. जवळच मढी, होळीपासून पाडव्यापर्यंत तेथें कानिफनाथांची यात्रा भरते, आणि तींत भरणारा गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. तिसगांवास चहा घेतांना यात्रेकरूंची गर्दी होती. पुढें अमरापुरावरून शेवगांव. कपाशी व ऊस यांचा हा मुलूख; पूर्वेस पैठणचें जायकवाडी धरण, त्याचें पाणी तालुक्याच्या कडेपर्यंत आलेलें.

शांत यथासांग झाली. ऐंशी वर्षांचा मनुष्य सहस्र चंद्र पाहून सुखरूप बसला आहे, याहून प्रसन्न देखावा कोणता? पण दुपारीं पंक्ती उठल्यावर ओटीवर जी बोलणीं निघालीं तीं याच विषयाचीं. २०२४ सालीं शेवगांव तालुक्यांत काय झालें तें वर्तमानपत्रांतून अनेकांनीं वाचलें असेल. शेअर बाजारांत पैसे गुंतवून दरमहा भरघोस परतावा देतों असें सांगणाऱ्यांनीं लोकांकडून ठेवी घेतल्या. कांहीं महिने परतावा दिलाही. मग एकामागून एक कचेऱ्यांस कुलपें लागलीं, माणसें परागंदा झालीं, पोलिसांत गुन्हे दाखल झाले. भावजयीच्या एका भाच्यानें असेच ३ लाख दिले होते. दरमहा शेंकडा दहा. चार महिने ३० हजार हातीं आले, पांचव्या महिन्यास माणूस नाहीं.

बापूंनीं त्यास विचारलें, "तुला कॉन्ट्रॅक्ट नोट येत होती का?" तो म्हणाला, "ती काय असते, मामा?" त्याच्याजवळ एक न वटलेला धनादेश आणि एक मुद्रांकाचा कागद होता, त्यावर रक्कम 'हातउसनी' म्हणून लिहिलेली. शेअर हा शब्दच त्यांत नव्हता. कोणत्या कंपनीचे, किती, कोणत्या वेळीं, कोणत्या भावानें, कांहीं नाहीं. त्याच्या पैशाचा एक तरी शेअर खरोखर घेतला गेला होता का, हें कोणीच सांगूं शकत नव्हतें. सेबीकडे नोंद नसलेल्या माणसाविरुद्ध बाजाराचा समेट नाहीं, लवाद नाहीं. पोलीस आणि ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा हाच मार्ग, आणि तो लांबचा. बापू आपल्या १६,४०० रुपयांविषयीं तेथें एक शब्द बोलले नाहींत. त्यांनीं त्या मुलाचा कागद दोनदां वाचला, घडी करून त्यास परत दिला, आणि "याच्या झेरॉक्स काढून ठेव," म्हणाले.

परतीच्या दिवशीं माळीवाड्याच्या स्टँडवर बापू आम्हांस पोंचवावयास आले. वाटेंत आडते बाजारांतून त्यांनीं आमच्याकरितां पांच किलो तुरीची डाळ घेतली होती. दुकानदार ओळखीचा, तीस वर्षांचा. तरी वजन झाल्यावर बापू उभेच राहिले. "कांहीं राहिलें का, काका?" दुकानदारानें विचारलें. बापू म्हणाले, "पावती." तो हंसला आणि जुन्या पुस्तकांतून एक फाडून दिली. पुण्यास येऊन पिशवी सोडली तों डाळीच्या वरच ती पावती होती, आणि तिच्या पाठीवर बापूंच्या अक्षरांत त्यांचा नवा मोबाइल क्रमांक.